संगणकावरची सही कोणाची?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी आजवर मुलांचा आहार, लसीकरण, परीक्षेचा ताण अशा विषयांवर लिहीत आलो आहे. यंदा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा या वेळी पासवर्डविषयी लिहीन, असे मी त्यांना कळविले. ते क्षणभर गप्प झाले. बालरोगतज्ज्ञाने आपले क्षेत्र सोडून संगणकाच्या क्षेत्रात कशाला शिरावे, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असावा. तो आपल्याही मनात येईल. त्याचे उत्तर इतकेच की, पासवर्ड ही संगणक विभागाची बाब आहे, तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे मीही मानत होतो, आणि त्या समजुतीची किंमत एका बाळाला मोजावी लागता लागता राहिली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या एका रुग्णालयात रुग्ण पाहतो, तेथे न्यूमोनियाने आजारी असलेले दहा महिन्यांचे एक बाळ दाखल होते. वजन आठ किलो. रात्री ताप चढला, तोंडाने दिलेले औषध उलटून पडू लागले, म्हणून शिरेतून पॅरासिटामॉल देण्याचे ठरले. या औषधाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. एवढ्या लहान बाळाला दर किलोमागे साडेसात मिलिग्रॅम या हिशेबाने ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिलिलिटर द्यावयाचे. संगणकातील आदेशात मात्र ६० मिलिलिटर असे नोंदले गेले. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची ही गल्लत बालरोग विभागांना नवीन नाही. या औषधाच्या बाबतीत तिच्यामुळे मात्रा थेट दहापट होते.

रात्रपाळीच्या सिस्टरांनी बाटली हातात घेतली आणि त्या थबकल्या. आठ किलोच्या बाळाला अर्ध्याहून अधिक बाटली? पावणेतीनच्या सुमारास त्यांनी मला घरी फोन केला. “सर, तुम्ही आत्ता साठ मिली लिहिलंय, ते बरोबर आहे ना?” मी तर गाढ झोपेतून उठलो होतो, काहीच लिहिले नव्हते. परंतु संगणकात आदेश माझ्या नावाने होता, वेळ २ वाजून ३१ मिनिटे. मात्रा तत्काळ दुरुस्त केली. बाळाला योग्य तेवढेच औषध मिळाले आणि आठवड्याभराने ते बरे होऊन घरी गेले.

सकाळी उलगडा झाला. रात्रीच्या कनिष्ठ डॉक्टरांच्या पासवर्डची मुदत मध्यरात्री संपली होती. नवा पासवर्ड करून देणारा माणूस सकाळी नऊ वाजता येणार होता. इकडे बाळ तापाने फणफणत होते. त्यांनी माझा पासवर्ड वापरला. तो त्यांना ठाऊक कसा? मीच दिला होता. एका गर्दीच्या ओपीडीत, “तुम्हीच टाका हो तेवढं,” असे म्हणून. माझ्याखेरीज आणखी निदान तिघांना तो ठाऊक होता, हे मला नंतर व्यवस्थापनापुढे सांगावे लागले. त्या कनिष्ठ डॉक्टरांनी स्वतः येऊन सर्व कबूल केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. ते गप्प राहिले असते, तर तो आदेश कोणी दिला हे शोधण्याचा कोणताही मार्ग कोणाकडे नव्हता, आणि कागदोपत्री तो मीच दिलेला होता.

पण मला सर्वांत अधिक टोचली ती सिस्टरांनी नंतर सांगितलेली गोष्ट. त्या म्हणाल्या, “सर, आदेशावर त्या नव्या डॉक्टरांचं नाव असतं, तर मी त्यांना लगेच विचारलं असतं. तुमचं नाव पाहिलं, म्हणून वाटलं, सरांनी काही विचार करूनच लिहिलं असेल. एवढ्या रात्री फोन करावा की नाही, यातच माझी दहा मिनिटं गेली.”

या उद्गारांवर मी पुष्कळ विचार केला आहे. चुकीच्या आदेशाला माझ्या नावाने वजन दिले होते. आदेश कोणाचा आहे, हे पाहूनच तो वाचणारा त्यावर किती विश्वास टाकावयाचा ते ठरवितो. म्हणून आदेशावरील नाव ही वैद्यकीय माहिती आहे. रुग्णाचे वजन किंवा त्याची ॲलर्जी जितकी, तितकीच. ते नाव खोटे असेल, तर आदेशाचा एक भाग खोटा आहे.

एम. वाय. रुग्णालयात आम्ही निवासी डॉक्टर होतो, तेव्हा सर्व काही कागदावर असे. कागदाचे दोष मी नाकारीत नाही. परंतु कागदावर प्रत्येकाचे अक्षर वेगळे असे. कोणी सही न करता काही लिहिले, तरी “हे सरांचं अक्षर नाही,” हे वॉर्डातील जुनी मावशीसुद्धा सांगू शके. संगणकाने सर्वांचे अक्षर एकसारखे, सुवाच्य केले, हा त्याचा मोठाच उपकार. पण अक्षरातून पटणारी ओळख त्याच वेळी गेली. आता लिहिणारा कोण हे सांगणारी एकच खूण उरली, ती म्हणजे ज्याच्या पासवर्डने संगणक उघडला त्याचे नाव. आणि तीच खूण आपण सर्रास एकमेकांना उसनी देतो.

त्या घटनेनंतर रुग्णालयाने तेच केले, जे बहुतेक संस्था करतात. परिपत्रक निघाले : पासवर्ड कोणासही सांगू नये, सांगितल्यास कारवाई होईल. सर्वांच्या सह्या घेतल्या गेल्या. महिन्याभरात कळफलकांखाली चिकटविलेल्या चिठ्ठ्या पुन्हा दिसू लागल्या. मला राग आला. मग एका सकाळच्या राउंडला मी स्वतःचेच हाल मोजून पाहिले. वॉर्डातील संगणक उघडण्यास एक पासवर्ड, रुग्णनोंदीस दुसरा, प्रयोगशाळेच्या अहवालांस तिसरा, क्ष-किरण चित्रे पाहण्यास चौथा आणि डिस्चार्ज कार्डांच्या फोल्डरला पाचवा. पाचांची मुदत पाच वेगवेगळ्या तारखांना संपणारी. सोळा मुले पाहताना मला एकोणतीस वेळा पासवर्ड टंकावा लागला. दर वेळी हात धुऊन, हातमोजे काढून. तेव्हा मला कळले की, चिठ्ठी चिकटविणारी सिस्टर बेजबाबदार नाही. तिला आठ तासांत तीस मुले सांभाळावयाची आहेत.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. ‘हेल्थकेअर इन्फॉर्मॅटिक्स रिसर्च’ या नियतकालिकात २०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत भाग घेतलेल्या २९९ वैद्यकीय कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांपैकी तर झाडून साऱ्यांनी. जो नियम सगळेच मोडतात, त्या नियमातच काही चुकले आहे असे समजावे. आपण औषधाचा दुष्परिणाम प्रत्येक रुग्णात पाहिला, तर रुग्णांना दोष देत नाही, औषध बदलतो.

ठराविक मुदतीने पासवर्ड बदलावयास लावण्याच्या प्रथेचेही तसेच आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००४ मध्ये पासवर्डविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातून गुंतागुंतीचे पासवर्ड आणि त्यांची नियमित अदलाबदल ही रीत जगभर रूढ झाली. २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपले मत बदलले : पासवर्ड फुटल्याची काही खूण नसताना तो केवळ मुदत झाली म्हणून बदलावयास लावू नये. मूळ मार्गदर्शनाचे लेखक बिल बर यांनी तर त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आमच्या कनिष्ठ डॉक्टरांचा पासवर्ड मध्यरात्री बंद पाडणारी रीत तिच्या जन्मदात्यांनीच सोडून दिली होती. आमच्या रुग्णालयापर्यंत ती वार्ता पोहोचली नव्हती.

बालरोगशास्त्रात वेळेचे मोल काय असते, हे डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एक उदाहरण देतो. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात २००२ मध्ये औषधांचे सर्व आदेश संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. विशेष उपचारांसाठी दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे आणलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण त्यापूर्वी २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. ‘पीडियाट्रिक्स’ मासिकात २००५ मध्ये हा अभ्यास आला, तेव्हा खळबळ उडाली होती. पूर्वी अत्यवस्थ मूल वाटेत असतानाच त्याची औषधे तयार ठेवता येत. नव्या पद्धतीत मूल दाखल झाल्याची नोंद होईपर्यंत आदेशच देता येईना, आणि एकेक आदेश नोंदण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागला. डॉक्टर आणि सिस्टर मुलाच्या उशाशी असावयाचे, ते संगणकापुढे अडकले. पुढे सिएटलच्या बालरुग्णालयात अशी वाढ आढळली नाही, आणि स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयातून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर संगणकीय आदेशांनंतर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तात्पर्य, दोष संगणकाचा नव्हता. तो कसा बसविला, यावर सारे अवलंबून होते.

आता उपायाकडे वळतो. त्याला सिंगल साइन-ऑन म्हणतात : पाळीच्या आरंभी एकदाच आपली ओळख पटवावयाची, त्यानंतर प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, नोंदी यांची दारे त्याच ओळखीवर उघडावयाची. लिव्हरपूल येथील ॲल्डर हे या बालरुग्णालयाचे उदाहरण ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२० मध्ये जाहीरपणे दिले होते. तेथे निरनिराळ्या प्रणालींत प्रवेश करण्यास १ मिनिट ४५ सेकंद लागत, ते १० सेकंदांवर आले. दिवसाला सुमारे पाच हजार वेळा प्रवेश होतो, हे लक्षात घेता रोजचे १३० हून अधिक तास वाचले. कर्मचाऱ्यांचे हे तास मुलांकडे वळले.

यामागची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. त्यातून ‘कर्बरॉस’ ही पद्धत निघाली. ग्रीक पुराणात पाताळाचे दार राखणारा तीन तोंडांचा कुत्रा आहे, त्याचे हे नाव. पद्धत अशी की, सकाळी एका खिडकीवर आपण पासवर्डाने ओळख पटवितो आणि दिवसाचा एक पास मिळवितो. पुढे ज्या ज्या दाराशी जावे, त्या दारापुरती चिठ्ठी त्या पासावर मिळते. पासवर्ड कोणत्याच दाराशी पुन्हा सांगावा लागत नाही. सांगावा लागत नाही, म्हणून तो कोणाच्या कानी पडत नाही. या पासाची मुदत सहसा दहा तास असते, म्हणजे एक पाळी पुरून उरते. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने हीच पद्धत स्वीकारली, आणि स्वतःचा सर्व्हर असलेल्या असंख्य कार्यालयांत व रुग्णालयांत ती चालू आहे.

मग अडचण कोठे आली? ती घर दोन ठिकाणी झाल्यामुळे आली. आजकाल नवे संगणक घेतले की, त्यांची नोंद क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील दूरच्या नोंदवहीत होते. मायक्रोसॉफ्टच्या या नोंदवहीचे नाव एन्ट्रा आयडी. २०२३ पर्यंत तिला अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणत. परंतु सीटी स्कॅन आणि क्ष-किरण यांची चित्रे आकाराने मोठी असतात, म्हणून ती ठेवणारा सर्व्हर रुग्णालयातच असतो. त्या घरच्या सर्व्हरची नोंदवही निराळी. आमच्याकडे नवे लॅपटॉप आले, तेव्हा पुरवठादाराने सांगितले की, क्लाउडचा पासवर्ड वेगळा आणि घरच्या सर्व्हरचा वेगळा राहील. म्हणजे पाचाचे सहा झाले. आम्ही मान डोलावली. हे सांगणे चुकीचे होते, हे एका जाणकार तरुणाकडून मला वर्षभराने कळले.

वस्तुतः क्लाउडमध्ये नोंदलेल्या संगणकावरून घरच्या सर्व्हरवर दुसऱ्यांदा पासवर्ड न देता जाता येते. घरच्या नोंदवहीतील नावे एका छोट्या प्रोग्रॅमकरवी क्लाउडच्या नोंदवहीशी जुळविलेली ठेवावयाची. मग डॉक्टरने संगणक उघडला की, क्लाउड त्याची ओळख पटविते आणि त्याबरोबरच, “ही व्यक्ती घरच्या नोंदवहीत अमुक नावाने आहे,” असे संगणकाला सांगते. त्या आधारे संगणक घरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे डोमेन कंट्रोलरला गाठतो आणि कर्बरॉसचा पास मिळवितो. हे सारे पडद्याआड होते. डॉक्टरला दिसते ते इतकेच की, चित्रे उघडली.

यासाठी काही गोष्टी नीट असाव्या लागतात. विश्वस्त व व्यवस्थापक मंडळींनी त्या समजून घ्याव्यात, म्हणून थोडक्यात सांगतो. संगणकाला घरचा पहारेकरी दिसला पाहिजे; तो रुग्णालयात दिसतोच, पण डॉक्टर घरून पाहणार असेल, तर व्हीपीएनची सुरक्षित वाट लागते. पासवर्डऐवजी पिन, बोटाचा ठसा किंवा खिशातील सुरक्षा-किल्ली वापरावयाची असेल, तर क्लाउड आणि घरचा पहारेकरी यांच्यात विश्वासाचे एक जादा नाते जोडावे लागते. ते न जोडता पिन सुरू केला की, चित्रे उघडत नाहीत आणि सारे नव्या पद्धतीला दोष देतात. घड्याळे जुळलेली हवीत. पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर पहारेकरी पास देत नाही. आणि घरच्या नोंदवहीत माणसाचे नाव असले, तरी या नव्या संगणकाचे नसते; तेव्हा माणसाऐवजी यंत्राची ओळख मागणारे जुने प्रोग्रॅम अडून बसतात.

सर्वांत मोठा अडथळा मात्र निराळाच आहे. आपल्याकडील रुग्णालयांत चालणारे पुष्कळ प्रोग्रॅम पासवर्डांची यादी स्वतःच्याच पोटात ठेवतात. त्यांना असा पास ओळखताच येत नाही. आमच्याकडे औषधभांडाराचा प्रोग्रॅम असा आहे आणि त्याचा पासवर्ड आजही वेगळा टंकावा लागतो. म्हणून माझी विनंती आहे की, यापुढे कोणताही प्रोग्रॅम विकत घेताना किमतीची घासाघीस करण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : आमच्या नोंदवहीतील ओळख तुमचा प्रोग्रॅम मानतो काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो स्वस्तातला प्रोग्रॅम उद्या एका चिठ्ठीच्या रूपाने कळफलकाखाली चिकटलेला दिसेल.

या मतावर आक्षेप येतील; त्यांतील काही रास्त आहेत. पहिला असा की, एकच किल्ली केली आणि ती चोरीस गेली, तर सारे घर उघडे पडेल. हे खरे आहे. माझ्या आजीच्या कमरेला साऱ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा असे, पण तो ती रात्रीसुद्धा उशाशी घेऊन निजे. एका किल्लीची राखणही तशीच हवी. पासवर्डाच्या जोडीला फोनवरची पडताळणी किंवा सुरक्षा-किल्ली असल्याखेरीज सिंगल साइन-ऑन बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती धोक्यात आली. चोर चोरलेल्या पासवर्डाने ज्या दारातून शिरले, त्या दाराला दुहेरी पडताळणीच नव्हती, असे मूळ कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्या देशाच्या संसदेपुढे साक्षीत सांगितले. दुसरीकडे, पाच चिठ्ठ्यांवरचे पाच पासवर्ड एका जपलेल्या किल्लीपेक्षा सुरक्षित असतात, हा भ्रम आहे. शिवाय एकाच किल्लीचा एक लाभ असा की, नोकरी सोडून गेलेल्या माणसाची सारी दारे त्याच दिवशी एका ठिकाणाहून बंद करता येतात. आज आपल्यापैकी किती रुग्णालयांत सोडून गेलेल्या डॉक्टरांची नावे अजून चालू असतील, याचा ज्याचा त्याने शोध घ्यावा.

दुसरा आक्षेप : क्लाउड म्हणजे रुग्णांची माहिती परक्याच्या हाती देणे. मी वर्णिलेल्या व्यवस्थेत चित्रे आणि अहवाल घरच्या सर्व्हरवरच राहतात. क्लाउडकडे जाते ती कर्मचाऱ्यांची ओळख. तीही जपून द्यावी, हे मान्य. तिसरा आक्षेप : इंटरनेट बंद पडले किंवा हल्ला झाला, तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. म्हणून कागदी आदेशपत्रे प्रत्येक वॉर्डात तयार हवीत आणि वर्षातून दोनदा मुद्दाम तार काढून तालीम व्हावी, म्हणजे काय चालते आणि काय अडते ते संकटापूर्वीच कळेल. तातडीच्या प्रसंगी वापरावयाचे एक राखीव नावही असावे. मात्र ते वापरले की दुसऱ्या दिवशी, का वापरले, याचे उत्तर लेखी द्यावे लागावे.

चौथा आक्षेप खर्चाचा. दहा खाटांच्या आणि दोन संगणकांच्या रुग्णालयाने यात पडू नये, असे मी स्वतःच म्हणेन. तेथे प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड, एवढे पुरे. परंतु जेथे घरचा सर्व्हर, क्लाउडमधील संगणक आणि पाळ्यांनी बदलणारी माणसे आहेत, तेथे बहुतेक वेळा लागणारी सामग्री आधीच विकत घेतलेली असते; ती जोडून घेण्याची सवड आणि जोडून द्या असा आग्रह धरणारा डॉक्टर, या दोहोंचीच वाण असते. वॉर्डातील सामाईक संगणकाचा प्रश्न तेवढा खरोखर अवघड आहे. सकाळच्या सिस्टरांनी उघडलेल्या संगणकावर दिवसभर दहा जण लिहितात. त्यासाठी ओळखपत्राच्या फितीला अडकविलेली सुरक्षा-किल्ली मला बरी वाटते. जंतुनाशकाने खरखरीत झालेल्या बोटांचे ठसे यंत्राला वरचेवर पटत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, घड्याळे जुळवून ठेवावी लागतात आणि हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण १८० दिवस जपलेल्या नोंदींत नावेच उसनी असतील, तर आपण खोटी साक्ष जपून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या भीतीने हे करावे असे मी म्हणत नाही. उद्या न्यायालयात एखादी सिस्टर किंवा शिकाऊ डॉक्टर उभा राहील, तेव्हा त्याने जे केले नाही ते त्याच्या माथी मारले जाऊ नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

सिंगल साइन-ऑनने मात्रा चुकायची थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे. ६० मिलिग्रॅमचे ६० मिलिलिटर उद्याही कोणी लिहील. ती चूक पकडण्यासाठी वजनावरून मात्रा तपासणारी सोय वेगळी लागते, आणि तिच्याहीपेक्षा बाटली हातात घेऊन थबकणारी सिस्टर लागते. पण लिहिणाऱ्याचे खरे नाव पुढे असले, तर ती सिस्टर दहा मिनिटे घुटमळणार नाही.

आपल्या समाजातील अनेक मंडळी इंदुरात आणि बाहेर रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, कोणी त्यांना देणग्या देतात, कोणी तेथे सेवा करतात. नवे यंत्र भेट देण्याची आपली रीत चांगलीच आहे. एखाद्या वर्षी यंत्राऐवजी या व्यवस्थेचा खर्च उचलावा, तिच्यावर नावाची पाटी लागणार नाही एवढेच. आणि माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना विनंती की, हा अंक मिटल्यावर आपला पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, याची मनात मोजणी करावी. माझी संख्या चार होती.

ते कनिष्ठ डॉक्टर आता दुसऱ्या शहरात स्वतंत्र व्यवसाय करतात. सिस्टर मात्र अजून आमच्याकडेच आहेत. नवी व्यवस्था सुरू झाली, त्या दिवशी मी त्यांना सांगितले, “आता माझं नाव दिसलं, तर ते मीच लिहिलेलं असेल. तरीही शंका आली, तर रात्री कितीही वाजता फोन करा.” त्यानंतर त्यांनी मला दोनदा मध्यरात्री उठविले आहे. त्यांपैकी एकदा चूक माझीच होती.